मागच्या बाजूची बटणं

आमच्या सूनबाईने त्या आठवड्यात जे चालवलं होतं त्याला माझ्या भाषेत थेरं म्हणतात. उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट पुठ्ठ्याच्या पट्टीत ताठ बांधलेलं, त्याच्या पलीकडचं बोट दुमडून चिकटपट्टीने आवळलेलं, आणि लेक आसपास नसला की असा अवतार करून बाई घरभर हिंडायची. जेवताना चमचा पडायचा. चहा कपात कमी आणि ओट्यावर जास्त. खाली कारखान्यात खोक्यांचे कोपरे चिकटवायला बसली तर सगळे कोपरे तिरके. मी ते एकेक उकलून पुन्हा बसवले. बसवताना तोंडाचा पट्टा चालूच होता, तर ही आपली हसते.

“लागलंय का?”

“नाही हो आई.”

“मग सोड की ते.”

“सोडते. जरा एक गोष्ट बघायचीय.”

बघायला डोळे लागतात. बोटं बांधून ही काय बघणार होती?

पण खरं सांगायचं तर माझं डोकं फिरलं होतं ते सांडलेल्या चहामुळे नाही. नेमकी तीच दोन बोटं माझ्या लेकाची निकामी झालीत. आमचा पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना आहे, खाली कारखाना आणि वर घर. यजमान गेल्यावर तो मी चालवला आणि लेक हाताशी आल्यावर दोघांनी मिळून वाढवला. एका दुपारी घडीची रेघ पाडायच्या प्रेसमध्ये त्याचा उजवा हात सापडला. अंगठ्याशेजारचं बोट वाचलं, पण वाकायचं विसरलं. मधलं अर्धं गेलं. जखम भरली, टाके निघाले, डॉक्टर म्हणाले आता हात वापरायला लागा, उरलेल्या बोटांत जोर येऊ द्या. त्याने काय केलं? हात खिशात घातला. घातला तो घातलाच. जेवायचं डाव्या हाताने, दार उघडायचं डाव्या हाताने. व्यायामाला रबरी चेंडू दिला होता, तो कपाटामागे कधी गडप झाला कळलंही नाही. झोपताना तरी बाहेर काढत असेल असं मला वाटायचं, तर सूनबाई म्हणाली, “उशीखाली ठेवतो.”

तरणाताठा माणूस, स्वतःच्या हाताला चोरासारखा लपवतो. आईने हे किती दिवस बघायचं? आणि बायकोने त्याच्या त्या दोन बोटांची नक्कल करत घरात फिरायचं? मी म्हटलं आता हिला एकदा चांगली फैलावर घ्यायची.

लेक पाय मोकळे करायला बाहेर गेला होता ती वेळ साधून मी त्यांच्या खोलीत शिरले. सूनबाई टीव्हीसमोर खाली मांडी घालून बसली होती. मांडीवर त्यांचा जुना गेमचा रिमोट. आधी रोज संध्याकाळी कारखाना बंद झाला की हे दोघं खांद्याला खांदा लावून टीव्हीवर गाड्या पळवायचे. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. “ढकललंस तू मला!” “रस्ता काय तुझ्या नावावर आहे?” एवढ्या वयाची माणसं आणि असा दंगा, म्हणून मी कितीदा भिंत ठोकली असेल. हात गेल्यापासून टीव्ही काळा. विचारलं तर लेक म्हणे, आता कंटाळा आला त्याचा.

सूनबाईचा बांधलेला हात त्या रिमोटवर धडपडत होता. ताठ बोट नुसतं हवेत, पायरीवरून पाय घसरलेल्या माणसासारखं.

“काय चाललंय हे?” मी म्हटलं.

“या आई, बसा. हे बघा, हा कंट्रोलर.”

“रिमोट.”

“बरं, रिमोट. गाडी पळवायची ती या वरच्या खटक्याने. हा उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने दाबतात. त्याचं ते बोट वाकत नाही, म्हणजे गाडी जागची हलत नाही. मधल्याने दाबावं तर ते पोचत नाही. तो म्हणतो कंटाळा आला. कंटाळा नाही आलेला. त्याने एकदा मी नसताना लावून बघितला होता, त्याच्यावरच्या धुळीत बोटांचे ठसे दिसले मला.”

“मग तू बोटं बांधून काय मिळवलंस?”

“त्याला विचारलं तर तो खिशातून हात काढणार नाही. मग कुठलं बोट कुठे पोचतं, कुठलं दमतं, हे मला कळणार कसं? म्हणून बांधली.” तिने करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट हलवून दाखवलं. “ही दोन उरतात बघा. एरवी ती फुकट बसून असतात, नुसती मागून धरायला. आता असे कंट्रोलर मिळतात ज्यांना मागच्या बाजूलाही बटणं असतात. त्यांना काम द्यायचं. पण कुठे असतात ती बटणं, ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही.”

मी गप्प बसले. मला गप्प बसवणारी माणसं फार नाहीत. यजमानांनाही ते जमलं नव्हतं.

“दुकानात कधी जायचं?” मी विचारलं.

“तुम्ही कशाला येता?”

“मी नाही आले तर तुला गळ्यात काय मारतील कुणास ठाऊक.”

दुकान मागच्या गल्लीत एका जिन्याखाली होतं. आत शिरायला मान वाकवावी लागत होती, ते मला मुळीच आवडलं नाही. दुकानदार दाढी पिकलेला गृहस्थ, आणि डोक्यावर केसांचा अंबाडा. माझ्यापेक्षा मोठा. त्याने सूनबाईचा हात बघून चुकचुकत विचारलं, “काय हो ताई, लागलं वाटतं हाताला?”

“मला नाही, नवऱ्याला.”

अंबाडेवाला माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, “माझ्याकडे काय बघता? माल दाखवा.”

त्याने माल काढला. आणि मग सूनबाईने जे सुरू केलं ते बघण्यासारखं होतं. मी पुष्कळ गिऱ्हाइकं बघितलीत. रंग बघून घेणारी, शेजारणीने घेतलं म्हणून घेणारी, दुकानदार हसून बोलला म्हणून घेणारी. ही एकेक कंट्रोलर त्या बांधलेल्या हातात धरायची, डोळे मिटायची आणि उरलेली दोन बोटं मागून फिरवायची, आंधळं माणूस चेहरा चाचपतं तशी. मग हात वर करून तो हलवायची. निसटतो का? घाम आला तर सटकेल का? एक तिने लगेच परत दिला. अंबाडेवाला म्हणाला, “ताई, हा घ्या, याला सोळा रंगांचे दिवे आहेत.”

“दिवे घरात आहेत,” सूनबाई म्हणाली.

दुसऱ्याला मागे बटणं होती पण इतकी हलकी की नुसतं धरलं तरी दाबली जायची. “गाडी उभी राहायची तिथे पळेल,” म्हणून तोही बाजूला. तिसऱ्याच्या बटणांना कामं नेमून द्यायची तर मोबाइलवर काहीतरी उतरवून घ्यावं लागायचं. ती म्हणाली, “नको. कामं कंट्रोलरवरच बदलता आली पाहिजेत आणि त्याच्या लक्षातही राहिली पाहिजेत. रोज सुरू करताना मी शेजारी बसून करून द्यायला लागले तर तो एक दिवस खेळेल, दुसऱ्या दिवशी नाही.” हे वाक्य मला पटलं. माझा लेक तस्साच आहे. मदत घ्यायची म्हटलं की त्याच्या पोटात दुखतं. कुणावर गेलाय, ते विचारू नका.

अंबाडेवाल्याने तोंड उघडलं की ती पुढचा प्रश्न टाकायची. आमच्या टीव्हीखालच्या खेळाच्या डब्याला हा चालेल का? बॅटरी संपली तर वायर लावून तसाच खेळता येतो का? या दोन दांड्या, अंगठ्याने फिरवायच्या, त्या झिजून आपोआप एकीकडे ओढ घ्यायला लागतात, तशा लागणार नाहीत ना? शेवटी तो बिचारा स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, “ताई, तुम्ही इथे नोकरीला या.”

एका करड्या कंट्रोलरपाशी ती थांबली. दिसायला अगदी सामान्य. मागे खाली, मुठीच्या पोटाशी गोल बटणं. तिने डोळे मिटले, अनामिकेने एक दाबलं, करंगळीने दुसरं, आणि श्वास सोडला.

“हा,” ती म्हणाली. “पण एक अडचण आहे. ही मागची बटणं म्हणजे दाबलं की पूर्ण, सोडलं की बंद. वळणावर गाडीला थोडाच जोर द्यायचा असतो, तो यांनी देता यायचा नाही.” तिने डाव्या हाताने वरचा खटका हळूच दाबून बघितला. आणि मग स्वतःशीच हसली. “मग जोर डाव्या हाताकडे देऊ. डावा खटका हळूहळू दाबता येतो. आणि ब्रेक इथे मागे, अनामिकेला. ब्रेक काय, दाबला की लागला पाहिजे.”

अंबाडेवाला स्टुलावरून उठला. “मी इतकी वर्षं विकतोय,” म्हणाला, “हे कुणी माझ्या दुकानात उभं राहून जुळवलेलं नाही.”

माझी छाती फुगली, पण मी दाखवलं नाही. आणि तिथेच मी घाण केली. अंबाडेवाल्याने त्या करड्याचं खोकं काढलं. पातळ पुठ्ठा, एक कोपरा चेपलेला, झाकण तिरकं, खळ बाहेर आलेली. माझ्या कारखान्यातून असं खोकं बाहेर पडलं असतं तर बनवणाऱ्याला मी उन्हात उभं केलं असतं. शेजारी काचेच्या कपाटात दुसरं होतं. काळं, जाड, कडा अशा जुळलेल्या की नख शिरणार नाही, झाकणात लोहचुंबक. उघडलं की हळूच वर येतं, सोडलं की टप् करून बसतं. आत कंट्रोलर मखमलीत झोपलेला, त्यालाही मागे चकचकीत धातूच्या पट्ट्या. मी ते खोकं उलटंपालटं करून बघितलं. आतली घडी बघितली. आयुष्यभर खोक्यांवरून माल ओळखत आले.

“हा घ्यायचा,” मी म्हटलं.

“आई, त्याच्या पट्ट्या वर आहेत. मधल्या बोटाखाली येतात. त्याचं मधलं बोटच—”

“मला शिकवू नकोस. ज्याला बाहेरचा कोपरा धड बसवता येत नाही तो आत काय दिवे लावणार? हे बघ, याला म्हणतात काम.”

“खोकं आपण ठेवणार नाही आहोत आई, कंट्रोलर ठेवणार आहोत.”

“घरात मोठं कोण आहे?”

ती अंबाडेवाल्याकडे वळून एवढंच म्हणाली, “तो करडा बाजूला ठेवा. मी उद्या येते.” माझ्यासमोर! मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

संध्याकाळी मी स्वतः ते काळं खोकं लेकाच्या पुढ्यात ठेवलं. तो म्हणाला, “हे काय?” आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर डाव्या हाताचा अंगठा खोक्याच्या कडेवरून फिरवला. “कोपरा काय मस्त घेतलाय गं.” रक्तच तसलं. मी सूनबाईकडे विजयाने बघितलं. मग त्याने आतली वस्तू बघितली. बराच वेळ बघत राहिला. आणि खिशातून उजवा हात काढला.

किती दिवसांनी तो हात मी उजेडात बघत होते. त्याने कंट्रोलर धरला. ताठ बोट समोरच्या भिंतीकडे रोखलेलं. मधल्या बोटाचं थोटूक मागच्या पट्टीवर टेकायला गेलं, घसरलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा घसरलं. धातूची पट्टी गुळगुळीत, वरून बोट अर्धं. तिसऱ्यांदा त्याने प्रयत्न केला नाही. कंट्रोलर मखमलीत जसा होता तसा ठेवला, झाकण सोडलं. टप्.

“खोकं छान आहे आई,” म्हणाला. आणि हात खिशात.

तो उठून गच्चीवर गेला. सूनबाईने मला एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं, मला उलटून बोलता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात सगळ्यांवर डाफरत होते. खळ पातळ झाली म्हणून डाफरले, घट्ट झाली म्हणून डाफरले. सूनबाई सकाळीच ते काळं खोकं घेऊन गेली आणि चेपलेल्या कोपऱ्याचं घेऊन आली. अंबाडेवाल्याने कुरकुर न करता बदलून दिलं म्हणे. तिच्यापुढे कुरकुर करून तो जातो कुठे! वर आली, बोटं पुन्हा बांधली, कुणाला काही न दाखवता टीव्ही लावला आणि एकटीच खेळायला बसली. लेक पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेला. मी दारात उभी. काम होतं मला तिथे. काय ते आता आठवत नाही.

गाडी सुटली. वळणावर कठड्यावर आदळली. पुन्हा सुटली, पुन्हा आदळली. लेक भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला, “ब्रेक उशिरा लावतेस.”

“लावते हो वेळेवर. बोट नवीन आहे.”

“कसलं बोट नवीन?”

तो उठून बसला, वळला आणि त्याने तिचा हात बघितला. आठवडाभर तिने तो त्याच्यापासून लपवला होता. तो आला की पट्टी सोडायची, गेला की बांधायची. त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता हा कंट्रोलर फेकून देईल.

“सोड ते,” तो म्हणाला. “तुझी सोडता येतात.”

मला वाटलं ही आता रडणार. मी असते तर, म्हणजे तिच्या वयाची असते तर, रडले असते.

“येतात ना,” सूनबाई म्हणाली. दातांनी चिकटपट्टी तोडली, पुठ्ठा काढला, बोटं उघडझाप केली. “मला जेवढं बघायचं होतं तेवढं बघून झालं. तुझ्या हाताला जमतं. डाव्या खटक्याने जोर, मागे अनामिकेला ब्रेक, करंगळीला गिअर. नसेल खेळायचं तर तसं सांग, मी परत करून येते. पण जमत नाही असं नको सांगूस. ते खोटं आहे.”

आणि करडा कंट्रोलर त्याच्या मांडीवर ठेवून स्वतः जुना घेऊन बसली. त्याच्याकडे बघितलंही नाही.

त्याने तो डाव्या हाताने उचलला. मग तो हात बाहेर आला. मूठ कंट्रोलरच्या मागे गेली आणि अनामिका त्या गोल बटणावर अशी बसली की जणू कुणी त्याचं माप घेऊन ते तिथे लावलं होतं. माप घेतलंच होतं की. त्याने ते दाबून बघितलं. पुन्हा दाबून बघितलं. ताठ बोट होतं तिथेच राहिलं, कुणाच्या मधे आलं नाही.

पहिल्या डावात त्याला जोर द्यायचा तिथे ब्रेक लागला आणि ब्रेक लावायचा तिथे गाडी रस्ता सोडून रानात. दुसऱ्यात गाडी उलटली. मी मनात म्हटलं, सूनबाई, आता जरा सावकाश घे गं. एक डाव सोड. त्याला जिंकू दे, बरं वाटेल पोराला. मी तिला डोळ्यांनी खुणावलंसुद्धा. तिने माझी खूण बघितली आणि गाडी अशी हाणली, अशी हाणली की लेकाची गाडी अर्ध्या रस्त्यात असताना हिची जाऊन आराम करत होती.

“अगं ए! मला धक्का मारलास तू!”

“रस्त्यात उभा राहिलास तर काय ओवाळू?”

“थांब. आता कळला मला डावा खटका. आता बघ.”

“बघते की. कधीची बघतेय.”

तिसरा डाव तो पुन्हा हरला, पण वळणावर गाडी आदळली नाही. अनामिका दाबली गेली, सुटली, पुन्हा दाबली गेली. त्याच्या मनगटाची शीर तटतटून वर आली होती. कपाळावर घाम. हात खिशाबाहेर आहे हे तो साफ विसरून गेला होता.

“परत लाव,” तो ओरडला. “परत लाव, परत लाव.”

“दमशील.”

“तू लाव!”

पूर्वी या आवाजाला मी भिंत ठोकायची. मी आत गेले आणि सूनबाईच्या समोर, टीव्हीच्या आड उभी राहिले. “आई, बाजूला हो ना,” लेक म्हणाला. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मला जे बोलायचं होतं ते तिच्याशी होतं, आणि असलं बोलायची मला सवय नाही म्हणून घसा आधी साफ करून घेतला.

“हे बघ सूनबाई,” मी म्हटलं, “हरवलंस ते बरं केलंस. कीव करून एक जरी डाव सोडला असतास तर मी तुझ्याशी बोलले नसते, मी खुणावलं होतं तरी. तू हट्टी आहेस, माझं ऐकत नाहीस, उद्याही ऐकणार नाहीस, ते मला दिसतंय. पण काय घ्यायचं आणि कुणासाठी घ्यायचं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. हे मी एकदाच सांगतेय, पुन्हा विचारलंस तर नाही म्हणेन. आता बस, लाव परत. खालचं काम मी बघते.”